घरात ऊद घालण्यापूर्वी

आजी तिन्हीसांजेला ऊद घालायची, तेव्हा आधी पुढचं-मागचं दार सताड उघडायची. चुलीतले दोन निखारे चिमट्याने पितळी धुपाटण्यात घ्यायची, त्यांच्यावरची राख तशीच ठेवायची आणि चिमटीत मावेल एवढीच ऊदाची पूड त्यावर सोडायची. देवघर, माजघर, कोठीची खोली, शेवटी गोठा. हा फेरा संपेपर्यंत धुपाटण्यातला धूरही संपलेला असायचा. मागे राहायचा तो नुसता वास. ऊद महाग म्हणून आजी हात आखडता घेते, असं मला लहानपणी वाटायचं.

पुढे फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मी तोच ऊद मुठीने घातला. दिवाळीचे दिवस होते, डास येतात म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि वर एक धूप कपही पेटवलेला होता. दहा मिनिटांत बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला धाप लागली. त्याला दमा आहे हे मला ठाऊक होतं, पण देवघरापाशी आल्यावर ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पंप देऊन, गच्चीवर मोकळ्या हवेत बसवून, तासाभराने त्याचा जीव थाऱ्यावर आला. त्या रात्रीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. धूप घालणं मी सोडलेलं नाही. कुठला घालायचा, किती घालायचा आणि कुणासमोर घालायचा नाही, एवढं मात्र बदललं.

षोडशोपचार पूजेत धूप दाखवताना गुरुजी जो श्लोक म्हणतात तो आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो: ‘वनस्पतिरसोद्भूतो गन्धाढ्यो गन्ध उत्तमः । आघ्रेयः सर्वदेवानां धूपोऽयं प्रतिगृह्यताम् ॥’ यातले दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. एक, वनस्पतिरसोद्भूत, म्हणजे झाडाच्या रसातून जन्मलेला. दुसरा, आघ्रेय, म्हणजे हुंगण्याजोगा. देवाला आपण वास अर्पण करतो, खोलीभर धूर नाही. आणि तो वास कुठल्यातरी झाडाच्या अंगातून आलेला असतो. धूप जपून कसा घालावा हे दुसऱ्या शब्दात आहे, आदराने कसा घालावा हे पहिल्यात.

निखाऱ्यावर काय घडतं

ऊदाचा किंवा गुग्गुळाचा खडा तापला की आधी त्यातली चटकन उडून जाणारी तेलं सुटतात. तोच तो पहिला गोडसर वास. मग राळेचा भाग वितळतो, तापून फुटतो आणि त्याचे अतिशय बारीक थेंब हवेत तरंगू लागतात. तो पांढरा धूर. उष्णता आणखी वाढली किंवा ज्योत लागली की खडा करपतो, धूर काळपट होतो, काजळी धरते आणि डोळे झोंबू लागतात. म्हणजे आपल्याला हवं ते सुरुवातीलाच मिळून जातं. पुढचं नुसतं जळणं असतं.

आजी निखाऱ्यावरची राख का उडवत नव्हती, ते मला हे वाचल्यावर कळलं. राखेचा पातळ थर मध्ये असला की खड्याला उष्णता हळू लागते, वास जास्त सुटतो आणि करपणं कमी होतं. हल्ली बाजारात कोळशाच्या गोल चकत्या मिळतात. लवकर पेट घ्याव्यात म्हणून त्यांत सोरा घातलेला असतो, म्हणून त्या पेटताना तडतडतात आणि ठिणग्या उडतात. अशी चकती बाल्कनीत पेटवा, तिच्यावर सगळीकडे करडी राख धरली की मगच घरात आणा. धूप टाकायचा तो त्यानंतर, आणि चिमटीनेच.

आता धुराचं. आपल्या केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन असते. धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. हवेत असे कण चोवीस तासांच्या सरासरीने किती चालतील याची मर्यादा भारतात घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली आपली शिफारस 15 वर आणली. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे 45 मिलिग्रॅम कण बाहेर पडतात, एक ग्रॅम सिगारेट जळताना सुमारे 10. सिगारेटचा धूर माणूस थेट छातीत ओढतो, उदबत्तीचा खोलीभर पसरतो, म्हणून दोन्ही एका तागडीत तोलता येत नाहीत. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे’ या समजुतीला या आकड्यांपुढे जागा उरत नाही. अडीच मायक्रॉनचा कण झाडातून आला म्हणून फुफ्फुसात सौम्य वागत नाही.

सिंगापूरमध्ये चिनी वंशाच्या सुमारे 61 हजार लोकांचा बारा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष 2008 साली आले. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं, दिवसरात्र धूप-उदबत्ती चालायची त्यांच्यात श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त दिसलं. फुफ्फुसाच्या कर्करोगात एकूण फरक दिसला नाही. मी यातून घेते ते इतकंच, की आठवड्यातून एकदा उघड्या खिडकीत चिमूटभर ऊद आणि बंद देवघरात दिवसभर जळणाऱ्या उदबत्त्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाळाची धुरी

या विषयावर घराघरांत सासू-सुना, आई-मुली अबोला धरतात, म्हणून इथे जरा थांबते.

धुरी ही आपल्याकडची जुनी गोष्ट. सुश्रुतसंहितेत जखमी माणसाच्या धूपनासाठी गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड आणि पांढरी मोहरी यांचं चूर्ण, त्यात मीठ, कडुलिंबाची पानं आणि तूप, अशी सरळ यादीच दिलेली आहे. काश्यपसंहितेत, जो ग्रंथच मुळात बालकांच्या उपचारांचा, धूपकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या घरांत हे बाळंतिणीच्या खोलीत टिकून राहिलं. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, वेखंड, लसणाची सालं, आणि न्हाऊ-माखू घातलेलं बाळ त्या धुरावर धरलेलं. ज्या आज्या हे करतात त्या नातवंडाच्या मायेपोटीच करतात. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तरीही नवजात बाळाला धुरी देऊ नये, असंच मी स्पष्ट सांगेन. मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो, नवजात बाळ 40 ते 60 वेळा. त्याच्या श्वासनलिका काडीएवढ्या. तोच धूर त्याच्या छातीत वजनाच्या मानाने कितीतरी जास्त जातो. आणि धूर हा दिसणारा धोका झाला. न दिसणारा धोका कोळशाचा आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि शरीराला प्राणवायू मिळत नसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच.

पूर्वीच्या बाळंतिणीच्या खोलीला कौलांच्या फटी होत्या, दार कुडाचं होतं, हवा येत-जात होती. आजच्या खोलीला स्लायडिंगच्या काचा असतात, दाराच्या फटीला रबर असतं. शेगडी तीच राहिली, तिच्याभोवतालची खोली बदलली. आजीशी बोलताना मला हा मुद्दा उपयोगी पडलेला आहे, कारण त्यात कुणाची चूक काढलेली नसते.

बाळंतिणीला शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी आहे, विजेवरची शेकायची गादी आहे. बाळाला तेल लावून चोळणं, कोमट पाण्याची अंघोळ, कोरड्या मऊ दुपट्यात गुंडाळणं, यात कुठेच धूर लागत नाही. आणि घरातल्या मोठ्यांचा जीव त्या धुरीतच अडकलेला असेल, तर बाळ आणि आई दुसऱ्या खोलीत असताना, रिकाम्या खोलीत, सगळ्या खिडक्या उघडून धुरी करा, निखारे घराबाहेर न्या, आणि धूर पूर्ण गेल्यावरच बाळाला परत आणा. आमच्या घरी शेवटी असंच ठरलं, आणि आत्याने तेवढ्यावर समाधान मानलं.

कापराचं एक राहिलं. तो लहान मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका. पोटात गेला तर थोड्याशा कापरानेही मुलाला आकडी येऊ शकते. पुरचुंडी बांधून बाळाच्या गळ्यात अडकवणंही नको.

चौऱ्याण्णव टक्क्यांची गोष्ट

‘हवनाच्या धुराने 94 टक्के जंतू मरतात’ असा निरोप तुमच्याही फोनवर आला असेल. हा आकडा हवेतून आलेला नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2007 साली तो प्रसिद्ध केला होता. एका बंद खोलीत हवन-सामग्रीचा धूर तासभर कोंडला, तेव्हा हवेतल्या जिवाणूंची संख्या 94 टक्क्यांहून अधिक घटली आणि काही काळ तशीच कमी राहिली. हे वाचायला छान वाटतं. पण ज्या खोलीत तासभर धूर कोंडला आहे तिथे माणूस बसू शकत नाही. शिवाय हवेतले बहुतेक जिवाणू आपल्याला काहीच करत नाहीत, आणि आपली सर्दी-पडशी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. त्या प्रयोगात कुणाचं आजारपण कमी झालं का, हे तपासलेलंच नव्हतं.

या आकड्याचा पुढचा प्रवास तर फारच दूरचा आहे. अमेरिकेत ‘पांढरा सेज’ नावाच्या वनस्पतीच्या, धुरासाठी जाळायच्या जुड्या विकणारे दुकानदार हाच 94 टक्क्यांचा आकडा आपल्या मालावर छापतात. लखनौच्या प्रयोगात सेजचं पानसुद्धा नव्हतं.

ती जुडी आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. ‘घरातली नकारात्मक ऊर्जा घालवा’ अशी तिची जाहिरात असते. ती घेण्याआधी ती कुठली आहे ते ऐका. पांढरा सेज दक्षिण कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागात उगवतो, बाकी जगात कुठे रानात नाही. चुमाश, टोंग्वा, काहुइया, कुमेयाय या तिथल्या मूळ लोकांची ती पूजनीय वनस्पती. उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतल्या आणि मोठ्या सरोवरांकाठच्या लकोटा, क्री, अनिशिनाबे अशा लोकांमध्येही धुराने शुद्धी करण्याचे विधी आहेत, त्यांत सेज म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या इतर वनस्पती, गोड गवत, सीडर आणि तंबाखू वापरतात. प्रत्येकाची रीत वेगळी, कुणी कधी करायचं याचे नियम वेगळे. तोडण्याआधी झाडाची परवानगी मागायची, लागेल तेवढंच घ्यायचं, मूळ उपटायचं नाही, हे ते आपल्या पोरांना शिकवतात.

अमेरिकी सरकारने 1883 साली नियम करून या लोकांचे नाच आणि विधी गुन्हे ठरवले. विधी करणाऱ्याचं रेशन बंद व्हायचं, त्याला कोठडीत टाकलं जायचं. त्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा व्हायला 1978 उजाडलं. उद्या गळ्यातल्या तुळशीमाळेसाठी वारकऱ्याला तुरुंगात टाकावं, आणि त्याची नातवंडं मोठी झाल्यावर तीच माळ मॉलमध्ये ‘मन:शांती सेट’ म्हणून विकायला ठेवावी, तर आपल्याला काय वाटेल? त्यांना तेच वाटतं. शिवाय मागणी वाढली तशी चोरीही वाढली. 2018 साली कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ इटिवांडा राखीव क्षेत्रात चार जणांना पकडलं, त्यांच्याकडे सुमारे 400 पौंड, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या वर, चोरून तोडलेला सेज होता.

अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांना कधी अशा विधीला बसण्याचं आमंत्रण मिळतं. जरूर जावं. यजमान सांगतील तसं करावं, विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि घरी येऊन त्याची नक्कल करू नये. अशा विधीत धूर वारायला वापरतात ते गरुडाचं पीस हौसेने विकत घेणं तर अमेरिकेत सरळ गुन्हा आहे, 1940 पासून तसा कायदा आहे. जुडी आधीच कुणी भेट दिलेली असेल तर फेकू नका, पण नवी मागवूही नका. आपल्या घरात धुपाटणं असताना दुसऱ्याच्या डोंगरावरचं ओरबाडण्याचं कारणच काय?

आपली झाडं

दुसऱ्यांच्या झाडांबद्दल बोललो, तर आपल्या झाडांकडेही बघायला हवं. गुग्गुळाचं झुडूप राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या रानातलं. आंतरराष्ट्रीय लाल यादीत आज ते ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे रानातून नाहीसं होण्याच्या अगदी काठावर. त्याच्या खोडाला चीर देऊन चीक काढतात. चीक जास्त यावा म्हणून खोल घाव घातला, त्यावर रसायनाचा लेप दिला, की चीक भरपूर येतो आणि झुडूप मरतं. सालई आपल्या मेळघाटात, सातपुड्यात आहे. तिचा डिंक धुपाला उत्तम, वास लिंबूसारखा स्वच्छ. सह्याद्रीतला धूप नावाचा मोठा वृक्ष काळी राळ देतो, आणि राळ भरभर वाहावी म्हणून त्याच्या बुंध्याशी जाळ करण्याचे प्रकार होतात.

ऊद आणि लोबान या नावांची तर मोठी गंमत आहे. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, आणि विशेषकरून अगरूचं सुगंधी लाकूड. ‘लुबान’ म्हणजे अरबस्तानातल्या सालईच्या भावंडाचा डिंक. आपल्याकडे येता येता ही दोन्ही नावं सुमात्राकडून येणाऱ्या एका तिसऱ्याच राळेला चिकटली. म्हणजे अगरबत्ती आणि उदबत्ती हे दोन्ही शब्द मुळात एकाच झाडाचे, आणि बहुतेक उदबत्त्यांत आज ते झाड नसतंच. पंढरपूरच्या धुपारतीत, दर्ग्यातल्या लोबानदानात, मुंबईतल्या पारशी घरांतल्या संध्याकाळच्या लोबानात आणि वसईच्या चर्चमधल्या साखळीच्या धूपपात्रात जो वास दरवळतो, त्याची नाती अशी समुद्रापलीकडे गेलेली आहेत.

विकत घेताना काष्ठौषधीच्या दुकानात पुडीऐवजी खडा मागा. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही, खडा फोडून बघता येतो. गुग्गुळ रोजच्या धुपाला वापरू नका, तो औषधासाठी राहू द्या. मी रोज सालई वापरते, ऊद सणावारी.

आता फ्लॅटमधल्या सावधगिरीचं, कारण तिथे आजीचा अनुभव कामी येत नाही. धुपाटण्यात तळाशी वाळू किंवा राखेचा जाड थर हवा, नाहीतर बूड तापून हात भाजतो आणि ओट्याला डाग पडतो. ते घेऊन फिरताना ओट्याखाली, जमिनीलगत नेऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, कुठे बारीक गळती असेल तर तो खालीच साचतो. ओढणी-पदर खोचून घ्या. घरात कुणाला प्राणवायूचं यंत्र लावलेलं असेल तर त्या घरात निखारा, निरांजन, काहीच पेटवू नका. पिंजऱ्यातला पोपट असेल तर आधी त्याला बाल्कनीत न्या, पक्ष्यांची फुफ्फुसं धुराला फार नाजूक असतात. पाहुण्यांत कुणाला दमा आहे का ते विचारा, शेजारची खिडकी समोरच असेल तर त्यांनाही विचारा. परदेशातल्या घरी धुराचा भोंगा वाजतो म्हणून त्यावर प्लास्टिक बांधू नका. वास्तुशांतीनंतर ते तसंच विसरून जातं. विधी अंगणात करा, नाहीतर निखाऱ्याशिवाय फुलं आणि चंदन वाहा.

आणि शेवटी धुपाटणं थंड करा. राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो, आणि तशी राख प्लास्टिकच्या डब्यात टाकल्याने आगी लागतात. मी लोखंडी तसराळ्यात ओतून वर पाणी घालते, चुर्र आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राख हाताने चाचपून मगच कुंडीत टाकते.